देठ आठवतो, सुभेदार आठवत नाही

मालवणात 19 फेब्रुवारीला कोणत्याही व्यासपीठासमोर उभे राहा, भाजीच्या देठाचा उल्लेख ऐकू येतोच. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असं महाराजांनी बजावलं होतं, हे वक्ता सांगतो आणि टाळ्या पडतात. हे कोणाला बजावलं होतं, ते मात्र तो सांगत नाही. ते होते रामाजी अनंत, मामले प्रभावळीचे सुभेदार, आणि त्या पत्राची तारीख आहे 5 सप्टेंबर 1676. या लेखात मला त्या पत्राबद्दल लिहायचं आहे, पण इतिहास म्हणून नाही, तर गद्य म्हणून. अधिकाऱ्याला जाब विचारणारी मराठी भाषा कशी असते, ती कधी बोथट होते, हे त्यातून कळतं असं मला वाटतं.

प्रभावळी म्हणजे आजच्या लांजा तालुक्यातली प्रभानवल्ली. तिच्या नावाने हा मामला ओळखला जायचा. देठाचं वाक्य या पत्रात सुरुवातीलाच येऊन जातं. पुढचा सगळा मजकूर कामाचा आहे. गावोगाव फिरा, कुणब्यांना गोळा करा, कोणाकडे माणूसबळ किती, बैल किती, दाणे किती ते पाहा. ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्या, खायला दाणे द्या, आणि वसुली त्याला ताकद येईल तशी हळूहळू करा, तीही व्याजाशिवाय. त्यासाठी दोन लाख लारींपर्यंत खर्च पडला तरी चालेल. धान्याचा वाटा धान्यातच घ्या, रोख मागू नका, आणि नारळ, खोबरं, सुपारी, मिरी हंगाम पाहून विका. उपदेश एका वाक्याचा आणि कार्यपद्धती पानभर. हेच या पत्राचं बळ आहे. रामाजीपंतांना नंतर ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायला जागाच उरत नाही.

याच मामल्यातलं दुसरं पत्र आहे 18 जानेवारी 1675 चं, सुभेदार जिवाजी विनायक यांना. त्याचा स्वर वेगळा, दात-ओठ खाल्लेला. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला पद्मदुर्ग उभा राहत होता. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमाराला पैसा आणि रसद पोचवायची होती, ती जिवाजींनी पोचवली नाही. पत्र थेट विचारतं, की हबशाने काही देऊन तुम्हाला आपलंसं केलं आहे काय? असे चाकर ठीक केले पाहिजेत, आणि ब्राह्मण म्हणून कोणी मुलाहिजा करणार नाही, असं स्पष्ट सुनावतं.

यात जाब कसा बांधला आहे ते पाहण्यासारखं आहे. नाव आहे, हुद्दा आहे, नेमकी न झालेली गोष्ट आहे, त्यामुळे फायदा कोणाचा झाला ते आहे, आणि जात आड येणार नाही हेही आहे. मला ही मराठीतली चांगली फौजदारी वाक्यरचना वाटते. कर्ता कुठेही लपत नाही.

पण या पत्रांना देव्हाऱ्यात बसवायलाही मी तयार नाही. दोन्ही पत्रांत जाब वरून खाली येतो. रयतेची काळजी आहे, रयतेचा आवाज नाही. कुणब्याने सुभेदाराविरुद्ध काय करायचं, ते या कागदांत नाही. शिवाय दुसरं पत्र धमकीपाशी थांबतं, शिक्षा त्यात नाही. एका जागरूक राजाच्या नजरेवर सगळं टेकलेलं आहे, आणि नजर हटली की व्यवस्था हटते. त्या नजरेच्या जागी आपण कायदे आणले, ते योग्यच केलं.

आता आजची भाषा पाहू. 4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनाला राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या पुतळ्याचं पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालं. 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. गुन्हा आधी नोंदला गेला तो शिल्पकार आणि संरचना सल्लागार यांच्यावर. काम नौदलाचं, असं राज्य सरकारकडून सांगितलं गेलं. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलाला कोसळण्याच्या काही दिवस आधीच लिहिलं होतं, हेही वृत्तपत्रांत आलं. पंतप्रधानांनी 30 ऑगस्टला पालघरमध्ये माफी मागितली. मे 2025 मध्ये नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला.

त्या आठवड्यातल्या निवेदनांची क्रियापदं आठवून पाहा. ‘समिती नेमण्यात आली आहे’, ‘चौकशी करण्यात येईल’, ‘कोणाचीही गय केली जाणार नाही’. गय कोण करणार नाही? या वाक्यांत कर्ता सापडत नाही. जिवाजी विनायकांना लिहिणाऱ्या मराठीला हा कर्मणी प्रयोग परवडला नसता.

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राचा 2005 चा बदल्यांचा आणि विलंब-प्रतिबंधाचा कायदा सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ देतो, आणि फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये असंही सांगतो. पण बदली ही आपल्याकडे शिक्षाही असते, बक्षीसही, आणि सुटकाही. माणूस सावंतवाडीहून नाशिकला जातो, त्याची सही इथल्या कागदावर राहते, आणि जबाबदारी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी घाटात उतरते.

ही गोष्ट फक्त आपली नाही. चीनमध्ये 2003 साली सार्सची साथ लपवल्याबद्दल बीजिंगचे महापौर मेंग श्वेनोंग यांना काढलं गेलं. काही वर्षांत ते शान्शी प्रांताचे गव्हर्नर झाले. सप्टेंबर 2008 मध्ये तिथल्या श्यांगफन परगण्यात खाणीच्या गाळाचा बांध फुटून अडीचशेच्या वर माणसं गेली, आणि त्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. पुढे पक्षाच्या केंद्रीय यंत्रणेत त्यांना परत पद मिळालं. तिथे निदान नाव घेऊन काढतात, असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, नाव घेऊन काढणं आणि चुकीची नोंद कारकिर्दीत टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याने लोकांचा राग शमतो, दुसऱ्याने पुढचा बांध वाचू शकतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि ती साहित्यिकच आहे. सरकारी मराठीत कर्ता परत आणा. आपल्याकडे उद्घाटकाचं नाव कोनशिलेवर कोरलं जातं. तपासणीच्या कागदावर ज्याने सही केली, त्याचं नाव, हुद्दा आणि तारीख त्याच दगडावर खाली का नसावी? मालवणला मोरयाचा धोंडा अजून आहे, जिथे 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गच्या पायाभरणीची पूजा झाली. तो किल्ला बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहे. समुद्रातली ती भिंत अजून उभी आहे, आणि ती कोणाची जबाबदारी होती हे विचारायला समिती नेमावी लागत नाही.