एका ओळीतल्या चाळीस खेपा

अमेरिकी नौदलाने १९५९पासून आपल्या लढाऊ जहाजांचा बहुखंडी कोश प्रसिद्ध केला. त्यातली ‘एलएसटी-३२५’ या रणगाडावाहू जहाजाची नोंद अगदी आटोपशीर आहे. २७ ऑक्टोबर १९४२ला फिलाडेल्फियात जलावतरण, १ फेब्रुवारी १९४३ला नौदलात दाखल. मग सिसिली, सालेर्नो, नॉर्मंडी. २ जुलै १९४६ला निवृत्ती. वर्णनाला इथे थाराच नाही. तरीही ही नोंद मला महाकाव्याच्या तोडीची वाटते. तिचा रस मात्र सावकाश वाचणाऱ्यालाच मिळतो.

पहिली गोष्ट, जहाजाला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. युद्धकाळात अशी हजाराहून अधिक जहाजं बांधली गेली आणि बारसं न होताच कामाला लागली. नोंदीचा कोरडा सूर या बिनचेहऱ्याच्या कष्टकऱ्याला शोभून दिसतो.

आता ‘नॉर्मंडी’ हा एकच शब्द घेऊ. फ्रान्सच्या या भागात दोस्त सैन्य उतरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ७ जून १९४४ला, हे जहाज तिथल्या ओमाहा किनाऱ्यासमोर नांगर टाकून होतं आणि माणसं, वाहनं छोट्या होड्यांत उतरवत होतं. पण त्या शब्दात एवढंच मावत नाही. पुढच्या नऊ-दहा महिन्यांत त्याने इंग्लिश खाडीच्या चाळिसांहून अधिक खेपा केल्या.

एक खेप म्हणजे काय, हे कळलं की या आकड्याचं वजन जाणवतं. किनाऱ्यावर रुतणं ही एरवी जहाजाची आपत्ती. ३२८ फूट लांबीचं, सपाट बुडाचं हे जहाज घडवलंच होतं मुद्दाम रुतण्यासाठी. भर समुद्रात स्थैर्य यावं म्हणून टाक्यांत पाणी घ्यायचं, किनारा जवळ आला की ते उपसून हलकं व्हायचं. वाळूला लागण्याआधी मागचा नांगर सोडायचा. परतताना त्याचाच दोर गुंडाळत स्वतःला मागे ओढून घ्यायचं. नॉर्मंडीत तर अशी जहाजं ओहोटीच्या वेळी कोरड्या वाळूवर बसत. नाळेचे दोन्ही दरवाजे उघडत, रॅम्प खाली येई, वाहनं थेट जमिनीवर जात. पुढच्या भरतीला जहाज पुन्हा तरंगे. जाताना ज्या डेकवर रणगाडे असत, तिथेच परतताना जखमींची स्ट्रेचरं लागत.

२८ डिसेंबर १९४४ला ‘एम्पायर जॅव्हलिन’ हे सैनिकवाहू जहाज पाणतीराने बुडालं, तेव्हा त्यावरच्या सुमारे ७०० जणांना सुखरूप नेण्यात ३२५चा हात होता. माल वाहणाऱ्याच्या वाट्याला आलेलं हे मोठं पुण्य.

१९६४मध्ये ३२५ ग्रीसकडे गेलं आणि तिथे त्याला ‘सायरोस’ हे नाव मिळालं. २००० साली सत्तरीच्या घरातले माजी नौसैनिक क्रीटला पोहोचले. त्यांनी स्वतः चालवत ते अटलांटिकपार आणलं आणि जानेवारी २००१मध्ये अलाबामातल्या मोबील बंदराला लावलं. आज ते इंडियानातल्या एव्हान्सव्हिलला संग्रहालय म्हणून उभं आहे.

लढाईच्या इतिहासात तोफांचा आवाज मोठा असतो. ही नोंद मला शिकवते ती वेगळी नजर: किनारा जिंकला जातो एका दिवसात, पण हातात टिकतो तो न चुकता होणाऱ्या फेऱ्यांमुळे. पहिल्या दिवसाच्या शौर्याइतकाच मान एकेचाळिसाव्या खेपेला द्यायला हवा.