मावळच्या थोर पुरुषांच्या याद्या : एक परीक्षण

गांवोगांवच्या स्मरणिकांतून स्थानिक थोर पुरुषांच्या याद्या छापण्याची प्रथा आतां चांगलीच रूढ झाली आहे. मावळ तालुक्याच्या अशा कांहीं याद्या एका संग्राहक मित्राच्या कृपेनें आमच्या पाहण्यांत आल्या. त्यांमागील गांवाभिमान वंदनीय आहे. परंतु छापील शब्द पुढें पुरावा म्हणून वापरला जातो. सबब त्यांतील दोष वेळींच दाखविणें अवश्य वाटतें.

पहिला दोष ‘मावळ’ या शब्दाच्या अर्थाचा. बारा मावळें हा सह्याद्रीच्या खोऱ्यांचा विस्तीर्ण प्रदेश. आजचा तालुका म्हणजे त्यांतील आंदर, नाणे व पवन या मावळांचा भाग. हा भेद न केल्यामुळें रोहिड खोऱ्यांतील कारीचे कान्होजी जेधे व हिरडस मावळांतील बाजी प्रभु देशपांडे हे दोघेही या तालुक्याचे ठरविले गेले आहेत. वस्तुतः त्यांचीं स्थळें आज भोरकडे मोडतात. येथें आमचाही अपराध कबूल केला पाहिजे. शिक्षकी पेशांत असतां आम्हींही अशीच एक यादी मुलांकडून कित्येक वर्षें पाठ करून घेतली ! ती मुलें आज आजोबा झालीं असतील व नातवंडांना तेंच सांगत असतील.

दुसरा दोष कालाचा. या सर्व याद्या शिवकालापासून आरंभ करतात. कार्ल्याच्या शिलालेखांत ‘मामाल’ या रूपानें मावळचें नांव आलें आहे, म्हणजे नांवाची परंपरा सुमारें दोन हजार वर्षांची. त्याच चैत्यगृहांत दात्यांनीं आपापलें गांव स्वतः कोरविलें आहे. श्रेष्ठी भूतपाल वैजयंतीचा. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिहदत, वेणुवासाचा पुत्र सुतार सामी व कित्येक यवन हे धेनुकाकटचे. धेनुकाकट नेमकें कोठें, याविषयीं विद्वानांत मतैक्य नाहीं. दा. ध. कोसंबी यांनीं तें कार्ल्याच्या परिसरांतच मानलें. इतरांनीं दूर नेलें. पहिलें मत ग्राह्य धरल्यास एक सुतार मावळच्या नामावळींत अग्रभागीं बसतो ; दुसरें धरल्यास तो पाहुणा ठरतो. यादीकारांनीं हा प्रश्नच उपस्थित केलेला नाहीं.

तिसरा दोष सर्वांत मोठा. ‘येथील’ म्हणजे काय, हें कोणीच ठरविलें नाहीं. तळेगांवच्या दाभाड्यांचें उदाहरण घ्यावें. खंडेराव दाभाडे यांस शाहूमहाराजांनीं इ. स. १७१७ मध्यें सेनापतिपद दिलें. पुत्र त्रिंबकराव १७३१ च्या एप्रिलांत डभईच्या लढाईंत बाजीरावाविरुद्ध लढतां पडले. पुढें यशवंतराव अल्पवयीन असतां सेनापतिपदाचा कारभार पाहणाऱ्या उमाबाई माहेरच्या अभोण्याच्या, ठोके देशमुखांच्या. जन्म हीच कसोटी लावल्यास त्यांचें नांव गाळावें लागेल. आणि कांहीं याद्यांतून तें खरोखरच गाळलेलें आढळतें. उलट कैवल्यधाम लोणावळ्यास १९२४ मध्यें स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांस, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांस, मानाचें स्थान आहे. त्यांचा जन्म १८८३ मध्यें झाला तो डभईसच ! जेथें तळेगांवचा सेनापति कामास आला, तेथें जन्मलेल्या पुरुषानें लोणावळा आपलें केलें. दोघेही मावळचे खरे, पण निराळ्या नात्यानें. आणि १७७९ च्या जानेवारींत कार्ल्याजवळ पडलेला इंग्रज कप्तान स्टुअर्ट ? शत्रु असूनही लोकांनीं त्यास ‘इष्टुर फांकडा’ हें नांव देऊन वडगांवच्या आठवणींत ठेविलें आहे. हें नातें केवळ मृत्यूचें, तथापि तेंही नातेंच.

सारांश, यापुढें यादी करणारानें जन्म, वतन, कर्मभूमि, मृत्युस्थान व पुरावा असे पांच रकाने आंखावे. रकाना रिकामा राहिल्यास रिकामा ठेवावा. अभिमानानें भरूं नये. संग्राहकांसही आमची विनंति आहे कीं, जुनी यादी फेंकूं नये, पण तिच्या समासांत दुरुस्ती तारखेनिशीं लिहून ठेवावी. आमच्या शाळेंतील जुन्या वहीवर तशी दुरुस्ती आम्हीं नुकतीच केली आहे. तिला उशीर झाला, हें मात्र समासांत कोठेंच मावत नाहीं.