वीस मिलिमीटरचा गुणाकार

"हिमालयात मोठा भूकंप ड्यू आहे म्हणे. मग जाऊ की नको?" चारधामला निघालेल्या मावशीने मला विचारलं. हा 'ड्यू' शब्द निघाला की आमच्या क्षेत्रात एक लेख हमखास दाखवला जातो: रॉजर बिलहॅम, विनोद गौर आणि पीटर मोल्नर यांचा, 'सायन्स'मधला, २००१ सालचा. आज त्याच्याबद्दल.

युक्तिवाद सरळ आहे. खडकात पक्क्या केलेल्या खुणांवर जीपीएस अँटेना लावून काही वर्षं मोजत राहिलं, की दक्षिण तिबेट आणि भारत वर्षाला साधारण २० मिमीने जवळ येताना दिसतात. पण हिमालयाखालचा मुख्य भ्रंश वरच्या भागात अडकलेला आहे. त्यामुळे तिथे खडक सरकत नाहीत, दाबले जातात. शेवटच्या मोठ्या भूकंपापासून, आणि नोंद नसेल तर १८०० पासून, वर्षं मोजा आणि गुणा. २०० वर्षं गुणिले २० मिमी, म्हणजे ४ मीटर.

लेखाची खरी ताकद त्याच्या नकाशात आहे. साठलेली घसरण लाल पट्टीत दाखवलीये, आणि जुन्या नोंदी नसल्यामुळे कदाचित आणखी असेल ती गुलाबी रंगात. आपलं अज्ञान असं रंगवून दाखवणं मला फार आवडतं.

माझी तक्रार लाल पट्टीबद्दल आहे. आधीच्या भूकंपाने सगळं खातं शून्य केलं, हे तिथे गृहीत धरलंय. २०१५ चा गोरखा भूकंप बघा: तीव्रता ७.८, काठमांडू खोरं जवळपास मीटरभर वर उचललं गेलं, पण भ्रंश दक्षिणेला जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत फाटलाच नाही. तिकडची शिल्लक तशीच राहिली. म्हणजे लाल पट्टीलाही एक गुलाबी कड हवी होती.

आणि 'ड्यू'चं म्हणाल, तर ४ मीटर ही शिल्लक आहे, तारीख नव्हे. ती एकदम सुटेल की हप्त्याहप्त्याने, हे जीपीएस सांगत नाही. माझ्याच पहिल्या पोस्टरवर मी तो शब्द ठळक अक्षरांत छापला होता. आज छापणार नाही.

मावशीला म्हटलं, "जा बिनधास्त. फक्त उतरशील ती इमारत कशी बांधलीये ते बघ." 'कधी' माहीत नसताना हातात असलेलं उत्तर तेवढंच आहे.