फुग्यांचा फळा

जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या दुकानाकडे माणसं बंदुकीच्या ओढीने जातात, पण दुकानाचं खरं कसब असतं फळ्यात. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात, किंवा धुळ्याला चैत्रात एकवीरेच्या यात्रेत पांझरेकाठी, अशा फळ्यासमोर जरा वेळ बंदूक हातात न घेता उभं राहावं. काळपट कापडावर फुग्यांच्या ओळी. खालच्या दोन-तीन इतक्या गच्च, की छर्रा भरकटला तरी शेजारचा कुणीतरी फुटतोच. वर जावं तशी दाटी कमी, फुगे लहान, आणि अगदी वर दोऱ्याला टांगलेलं नाणं, आगपेटीची काडी, एखादी पेटती मेणबत्ती. हा फळा खालून वर वाचायचा. नवख्याला पहिल्याच छर्ऱ्याला हिरमुसू द्यायचं नाही आणि सरावलेल्याला लवकर उठू द्यायचं नाही, अशी दोन्ही गिऱ्हाइकं एकाच चौकटीत सांभाळलेली. मैफल रंगवणाऱ्या गवयांनाही हे दर वेळी साधत नाही.

बंदूक मात्र यथातथाच. नळी मोडून छर्रा भरायचा, नळी परत बसवायची, समोरच्या फळीवर कोपर टेकायचं. दस्ता हात लागून लागून गुळगुळीत झालेला, नेम धरायचा पुढचा खुंट जरासा कललेला. तो मुद्दाम वाकवला की वापरून वाकला, हा वाद दर यात्रेत नव्याने होतो. जाणते त्यात पडत नाहीत. ते पहिला छर्रा कुठे बसतो तेवढं बघतात आणि दुसरा त्या हिशोबाने बोटभर बाजूला मारतात. मागे उभी पोरं ‘फुटना रे, फुटना!’ म्हणून ओरडतात ती त्यानंतर.

त्या ओरडण्यासाठीच तर फुगा आहे. कागदावर भोक पडलं तर ते मारणाऱ्यालाच दिसणार. फुगा फुटला की शेजारच्या पाळण्यात बसलेल्यालाही कळतं. अमेरिकेत नेमबाजीचा तमाशा झाला तोही याच वाटेने. आधी तिथे जिवंत कबुतरं सोडून मारत. मग काचेचे गोळे हवेत उडवू लागले; अ‍ॅडम बोगार्डस या नामांकित नेमबाजाने 1877 मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. असे गोळे पिसांनी भरायचीही रीत होती, म्हणजे काच फुटली की पिसं उधळायची आणि पक्षी टिपल्याचा देखावा आयता मिळायचा. 1880 मध्ये लिगॉव्स्कीची मातीची चकती आली. स्पर्धेला ती सोयीची, पण डोळ्यांना पिसांची सर तिला नाही. 1885 पासून बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या खेळात नेमबाज अ‍ॅनी ओकली आरशात बघून, बंदूक खांद्यावरून मागे रोखून नेम मारायची. अधूनमधून ती जाणूनबुजून चुकायची, असं सांगतात. लोकांचा जीव टांगणीला लागल्याशिवाय टाळी जोरात पडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

याच्या दुसऱ्या टोकाला स्वप्निल कुसाळे. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या या पोराने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर कांस्य घेतलं. तिथलं दहाचं वर्तुळ साधारण एक सेंटिमीटर रुंदीचं. गुडघ्यावर, मग पालथं पडून, मग उभ्याने. कस लागतो तो उभ्याने. आणि आपण घरी बसून काय पाहिलं? पडद्यावर बदलणारे आकडे. या लक्ष्याला काहीच होत नाही. ते फुटत नाही, उडत नाही, आवाज करत नाही. या साधनेपुढे यात्रेतला नेम पोरखेळच; पण प्रेक्षक म्हणून विचाराल तर दशांशाच्या पुढचा-मागचा आकडा ताडत बसण्यापेक्षा मला फळा जास्त देतो.

फुगेवाल्याची एक लकब तर दाद द्यावी अशीच. फळा रिकामा होत आला की तो खालच्या ओळी लगेच भरतो, वरची भरत नाही. तिथे एकच फुगा उरलेला असतो, बहुधा कोपऱ्यातला. त्याच्यापायी मघाशी पैसे संपले म्हणणारे खिसे पुन्हा चाचपतात. मित्र मित्राकडून दहाची नोट उसनी घेतो, कुणी बाप पोराला बाजूला सारून स्वतः बंदूक उचलतो. त्या एका फुग्यावर दहा फुग्यांचे छर्रे खर्ची पडतात. तोवर फुगेवाला गल्ल्यातली मोड लावत बसतो. तो फुटला, की मगच वरच्या ओळीला हात लावतो.