कुलपती, कुलगुरू आणि सौसरची रेघ

2024 च्या पावसाळ्यात मोहगावच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, पण पेपर रोज वाचतात. म्हणाले, "काहून रे बाबू, सरकारनं कुलपती हटवले का? पेपरात आता कुलगुरू लिहून रायले."

हटवलं कोणालाच नव्हतं, फक्त नाव बदललं होतं. मध्य प्रदेशच्या कायद्यात राज्यपाल म्हणजे 'कुलाधिपति' आणि विद्यापीठ प्रत्यक्ष चालवणारा तो 'कुलपति'. नागपूरकडच्या मराठीत मात्र कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि चालवणारा तो कुलगुरू. आपल्या सौसर-पांढुर्ण्याच्या घरांत पेपर नागपूरचा आणि गुणपत्रिका मध्य प्रदेशची. त्यामुळे पन्नास वर्षं एकाच शब्दाच्या दोन खुर्च्या होत्या. 2024 मध्ये मध्य प्रदेश सरकारनेही 'कुलगुरु' हा शब्द घेतला, आणि निदान एका खुर्चीचं नाव सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखं झालं.

गुरुजींना हे समजावताना माझ्याच लक्षात आलं की विद्यापीठांचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो त्यात आपला भाग कुठेच नाही. म्हणून हा लेख. मी पेशाने अभियंता, आयुष्य पुलांच्या नकाशांत गेलं. इतिहास मागाहून, स्वतःच वाचून शिकलो. नकाशा हातात आला की आधी हद्द कुठे आखली आहे ते बघायचं, ही सवय सुटत नाही. विद्यापीठांचे इतिहासही मी तसेच वाचतो, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

हे इतिहास बहुतेक एकाच साच्याचे असतात. स्थापनेची तारीख, देणगीदार, कुलगुरूंची यादी, इमारती, नामांतर, शताब्दी. नागपूर विद्यापीठाचं घ्या. 4 ऑगस्ट 1923 ला स्थापना, सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू, सुरुवातीला 6 संलग्न महाविद्यालयं आणि 927 विद्यार्थी. 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव, 2023 मध्ये शताब्दी. सगळं खरं आहे. पण हा सगळा विद्यापीठाच्या कचेरीतून दिसणारा इतिहास झाला. हद्द कधी, कोणी, कशासाठी हलवली आणि त्या हलवण्यात कोण बाहेर पडलं, हे त्यात येत नाही. आलंच तर एका ओळीत उरकतं.

खरं म्हणजे आपल्याकडच्या विद्यापीठांचा इतिहास हा हद्दींचाच इतिहास आहे. 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. अशा व्यवस्थेत विद्यापीठ म्हणजे इमारत नसते. कोणत्या मुलखातलं कॉलेज कोणाला जोडलं आहे, त्याची यादी म्हणजे विद्यापीठ. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस कॉलेज 1885 चं. ती आधी कलकत्त्याला जोडलेली होती, नंतर अलाहाबादला. म्हणजे पदवी देणारं शहर शेकडो कोस लांब असणं ही सौसरचीच नव्हे, एके काळी नागपूरचीसुद्धा गोष्ट होती. ते अंतर मिटावं म्हणूनच 1923 चा खटाटोप झाला.

आता आपली रेघ. आपल्याकडे सर्रास म्हणतात की 1956 मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि आपण नागपूरपासून तुटलो. मी स्वतःही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. पण विद्यापीठापुरतं हे अर्धंच खरं. पहिली रेघ पडली 18 जुलै 1946 ला, सागर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा. मध्य प्रांताच्या हिंदी जिल्ह्यांसाठी, म्हणजे महाकोशलासाठी, ते विद्यापीठ होतं. छिंदवाडा जिल्हा हिंदी जिल्ह्यांत मोजला जाई. त्या मोजणीत सौसर आणि पांढुर्ण्याच्या मराठी गावांचा वेगळा विचार करायला जागाच नव्हती. जिल्हा हेच माप होतं, आणि गाव त्या मापाखाली गेलं.

यात कोणाचं वाईट करायचा हेतू होता असं मी मुळीच म्हणत नाही. सागरचे संस्थापक डॉ. हरिसिंग गौर स्वतः हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी नागपुरात वकिली केली, नागपूर विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळलं, त्याआधी दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते. मग आपल्या गावात, सागरला, स्वतःच्या कमाईतून विद्यापीठ उभं केलं. बुंदेलखंडाच्या मुलांसाठी ते मोठंच काम होतं. सागरचे इतिहास हा त्याग भरभरून सांगतात, आणि सांगायलाच हवा. पण बुंदेलखंडाला जवळ आलेलं विद्यापीठ सातपुड्याच्या दक्षिण उतारावरच्या आमच्या तहसिलीला लांब गेलं, ही त्याच घटनेची दुसरी बाजू. ती ना सागरच्या इतिहासात येते ना नागपूरच्या.

1946 ते 1956 ही दहा वर्षं रेघ होती, पण रेघेवर नाका नव्हता. नागपूर त्याच प्रांताची राजधानी होतं, आपला माणूस तिथे परका नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे 8 जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि रेघेवर नाका आला. सौसरहून नागपूर साठ-सत्तर किलोमीटर. पण पदवीचा कागद सागरहून यायचा, तिथे जायचं तर सातपुडा ओलांडून, नर्मदा ओलांडून.

यानंतर दोन्ही राज्यांनी काय केलं ते कायद्यांत वाचावं. कायदा हा रूक्ष ग्रंथ खरा, पण शताब्दीच्या भाषणांपेक्षा प्रामाणिक. मध्य प्रदेशने 1973 मध्ये सगळ्या राज्य विद्यापीठांना एकच अधिनियम लावला. महाराष्ट्रात 1974 मध्ये मुंबई, पुणे, नागपूर असे वेगवेगळे कायदे होते. एकत्र कायदा 1994 मध्ये आला, आणि सध्याचा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 चा. या बाबतीत मध्य प्रदेश वीस वर्षं पुढे होता, हे मान्य केलं पाहिजे. कुलाधिपतींच्या अध्यक्षतेखालची समन्वय समिती ही त्या कायद्यातली चांगली कल्पना. सगळ्या विद्यापीठांचे नियम एका माळेत राहावेत यासाठी ती आहे. पुढे आपली कॉलेजं एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेली तेव्हा नियमांची भाषा तीच राहिली, हा त्याचा फायदा.

तोटाही त्यातच आहे. त्या कायद्याचं कलम 52 सरकारला मोठी ताकद देतं. कारभार बिघडला असं वाटलं की अधिसूचना काढायची, चालू कुलपती आणि परिषदा बाजूला, आणि बदललेल्या स्वरूपात कायदा लागू. एकसारखेपणासाठी बांधलेलं घर असं असतं, मुख्य बटण एकाच खोलीत.

पण आपल्यासाठी महत्त्वाचं कलम वेगळंच आहे, आणि ते दोन्ही राज्यांच्या कायद्यांत जवळजवळ त्याच अर्थाचं आहे. विद्यापीठाच्या हद्दीतल्या संस्थेने सरकारच्या परवानगीशिवाय दुसऱ्या विद्यापीठाशी संलग्न होऊ नये. हद्द ठरते जिल्ह्याने. हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर जिल्ह्याच्या मध्यावरचं कॉलेज होतं, काठावरचं नव्हतं. 'परवानगीशिवाय' या शब्दात एक दार ठेवलेलं आहे, पण ते सरकारच्या बाजूने उघडतं. आणि ते कॉलेजसाठी आहे. सीमा ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उरतं ते मायग्रेशन प्रमाणपत्र.

ते माझ्या वाट्याला आलंय. एक वर्ष एका राज्यात शिकलो, पुढचं दुसऱ्या राज्यात शिकायचं होतं. विद्यापीठाचं नाव घेत नाही, माणसं तिथली वाईट नव्हती. पण त्या एका चिठ्ठीसाठी तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला वडील सोबत आले होते. खिडकीवरचा बाबू हिंदीत बोलत होता, वडील मराठीत उत्तर देत होते, आणि दोघांनाही एकमेकांचं नीट कळत होतं. तरी कागद मिळाला नाही. प्रवेशाची तारीख गेली, माझं एक वर्ष गेलं. परतीच्या बसमध्ये वडील एवढंच म्हणाले, "आपलं गाव चुकीच्या पानावर छापलं गेलं." मी त्यांना तेव्हा काही बोललो नाही. आज म्हणेन की पान चुकीचं नव्हतं. छापणाऱ्याने समास सोडला नव्हता.

पुढचा भाग तुम्हाला ठाऊक आहे. 2009 मध्ये सागर केंद्रीय विद्यापीठ झालं, त्यानंतर आपली कॉलेजं जबलपूरकडे गेली. 2019 मध्ये छिंदवाड्याला विद्यापीठ आलं, छिंदवाडा, सिवनी, बालाघाट आणि बैतूल या जिल्ह्यांसाठी. पुढे त्याला राजा शंकरशहा यांचं नाव मिळालं, 1857 मध्ये जबलपूरला इंग्रजांनी ज्यांना मारलं ते गोंड राजे. 2023 मध्ये आपला पांढुर्णा जिल्हाही वेगळा झाला. म्हणजे अंतराचा प्रश्न बराचसा सुटला. छिंदवाडा आता नागपूरएवढंच जवळ आहे, ही गोष्ट मी आनंदाने लिहितो.

राहिला तो काठाचा प्रश्न. भूगर्भशास्त्रात मँगनीज असलेल्या एका खडकसमूहाला सौसरचंच नाव आहे. 'सौसर समूह' छिंदवाडा-बालाघाटपासून नागपूर-भंडाऱ्यापर्यंत पसरलेला आहे, आणि दोन्ही राज्यांतले विद्यार्थी तो त्याच नावाने शिकतात. दगडाला मायग्रेशन लागत नाही. माणसाला का लागावं, याचं उत्तर कायद्यांत नाही. ते इतिहासकारांनी तरी विचारायला हवं होतं. विद्यापीठाची पुढची शताब्दी लिहिणाऱ्याने कुलगुरूंच्या यादीशेजारी हद्दीचे नकाशे छापावेत, प्रत्येक बदलाचा एक, एवढीच माझी मागणी.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपलं काम आपण सुरू करू. घरातल्या ट्रंका उघडा. आजोबांची नागपूर विद्यापीठाची पदवी, आत्याची सागरची गुणपत्रिका, भावाची जबलपूरची, पोरीची छिंदवाड्याची, एकाच घरातल्या अशा चार कागदांचे फोटो मंडळाकडे पाठवा. गुरुजींनी त्यांचे आधीच दिले आहेत. पिशवीतून काढून देताना म्हणाले, "पाय रे, घर एकच हाये, शिक्के चार."