शिफाखान्याची भिंत

गेल्या पावसाळ्यात अम्मीच्या तपासणीसाठी आम्ही एका दवाखान्याच्या बाकड्यावर चार तास बसलो होतो. समोरच्या भिंतीवर तीन गोष्टी होत्या: सडलेल्या फुप्फुसांचे पोस्टर, ओल धरून फुगलेले एक निसर्गचित्र आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. अम्मीने पोस्टरकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली, ती नंबर लागेपर्यंत वर केली नाही. भिंतीवर टिकाऊ म्हणावी अशी फक्त पाटी होती.

वर्गात 'शिफाखाना' हा शब्द शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, शिफा म्हणजे बरे होणे. या अर्थाला जागलेली एक वास्तू तुर्कस्तानात एदिर्ने येथे आहे. सुलतान बायझीद दुसरा याने १४८४ ते १४८८ या काळात उभारलेल्या संकुलातील ते दारुश्शिफा. सहाकोनी दालन, वर घुमट, मधोमध कारंजे आणि भोवती रुग्णांच्या खोल्या. तेथे आठवड्यातून तीन दिवस गायक-वादक येत, असे सतराव्या शतकातील प्रवासी एवलिया चेलेबी लिहितो. कलाकृती म्हणून या वास्तूचे मोठेपण असे, की इथली कला भिंतीवर टांगावी लागत नाही. पाण्याचा आवाज आणि वरून उतरणारा उजेड घाबरलेल्या माणसाला उपदेश करीत नाहीत, त्याच्या नजरेला टेकायला जागा देतात. आणि हे सारे दगडात बांधलेले असल्याने पाचशे वर्षे टिकले. आज तेथे आरोग्याचे संग्रहालय आहे.

ही नुसती भावुकता नव्हे. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून १९८४ साली निष्कर्ष मांडले. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

जलशांमधून आपण जुन्या बीमारिस्तानांचे नाव अभिमानाने घेतो. नवा दवाखाना बांधताना मात्र बसण्याच्या जागेचा विचार रंगकामापाशीच संपतो. घुमट आणि कारंजे आपल्याला परवडणार नाहीत, हे आम्हालाही कळते. पण बाकड्यासमोर ग्लेझ्ड टाइल्सवर भाजून काढलेले एखादे झाड काय अवघड आहे? ते ओलीने फुगत नाही आणि फिनाइलच्या फडक्याने रोज पुसता येते. फुप्फुसांचे पोस्टर डॉक्टरांच्या खोलीत, समजावून सांगणाऱ्या माणसापाशी लावावे. पाटी दाराबाहेर न्यावी. देणाऱ्याचा सवाब तिथेही कमी होणार नाही.