केहिमकरांच्या इतिहासात न आलेले विद्यार्थी



हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्राएल समाजाचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना नावाने तरी ठाऊक आहे. तो इंग्रजीत लिहून झाला १८९७ साली, पण छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. वाचताना हे चाळीस वर्षांचे अंतर विसरू नये. कोकणातले आपले तेलघाणे, शनवार तेली हे नाव, लग्नाच्या चालीरीती यांसाठी आजही याच पुस्तकाकडे जावे लागते. आपल्या कॉलेजात शिकलेल्या पिढ्यांसाठी मात्र ते अपुरे आहे.

केहिमकरांना शिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. १८७५ साली त्यांनीच मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. पण त्यांनी पुस्तक लिहिले तेव्हा जेरुशा झिराड लहान होत्या. पुढे त्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, १९१९ मध्ये लंडनच्या एम.डी. झाल्या आणि १९२५ मध्ये मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन स्थापन करण्यात पुढे राहिल्या. पुस्तक छापून आले तेव्हा त्या नावाजलेल्या डॉक्टर होत्या. मूळ मजकुरात त्या असणे शक्यच नव्हते.

या उणिवेचा परिणाम आज दिसतो. ज्यू अध्ययनाचा इतिहास सांगताना सुरुवात बर्लिनपासून होते. तिथे १८१९ मध्ये लिओपोल्ड झुन्झ आणि त्यांच्या सुशिक्षित तरुण मित्रांनी मंडळ स्थापन केले. ते खरेच मोठे काम. पण मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. आपल्या बहुतेक मुलांनी विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. १८७१ साली मुंबई विद्यापीठाने आपल्या जोसेफ इझेकिएल राजपूरकरांना हिब्रूचे परीक्षक नेमले. परीक्षक नेमतात ते परीक्षेला बसणारी मुले असतात म्हणून. त्या मुलांचा इतिहास कुठे आहे?

इथे गिरावीनहून सिडनीच्या विद्यापीठात जाणाऱ्या नातवंडांना झुन्झ पुस्तकात भेटतील. राजपूरकर आपणच सांगायला हवेत. म्हणून ट्रंकेतले कॉलेजचे दाखले आणि हिब्रूच्या वह्या टाकू नका. कोणते कॉलेज, कोणते साल, फी कोणी भरली, शब्बाथला पेपर आला तेव्हा काय केलेत, एवढे मराठीत लिहून या अंकाकडे पाठवा.